पडलेल्या तिथीची गाठ

मी चौथी नापास, गोराईला जाळी ओढण्यात जन्म गेला. धाकट्या भावाची पोर मात्र शिकली आणि बोरिवलीच्या कॉलेजात शिकवू लागली. तिनेच मला श्रवणाच्या खालचा तो तारा दाखवला. तो फुगतो, आकसतो, साधारण सात दिवसांत उजळून पुन्हा मंदावतो. या फेऱ्याला किती दिवस लागतात त्यावरून ताऱ्याचं खरं तेज कळतं आणि तेजावरून अंतर. मला लगेच पटलं. ओळखीच्या होडीचा दिवा किती मिणमिणतो, त्यावरून ती किती लांब आहे हे आम्ही सांगतोच की. अशा ताऱ्यांची अंतरं मांडून तिची मंडळी आकाशगंगेचा नकाशा करत होती. माझी नजर तिला हवी होती.

तीन वर्षं, पाऊस सरला की दिवेलागणीनंतर मी किनाऱ्यावर. लिहिणं मला जमत नाही, म्हणून दोरीला गाठी मारल्या. तारा उजळ तर दुहेरी, मंद तर एकेरी, ढग असले तर सैल. दरवर्षी ती दोरी न्यायची, झकास म्हणायची. नकाशात माझ्या गाठी आहेत, हे मी अख्ख्या पाड्याला सांगून ठेवलं.

यंदा कॉलेजात नकाशा लागला. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. भिंतभर कापडावर आकाशगंगा, तिचे वळलेले हात, खाली तारे बघणाऱ्यांची नावं. अक्षर अक्षर लावून दोनदा वाचली. माझं नव्हतं. वर पाहिलं तर कापडाचा कोपरा खिडकीच्या गजाला माझ्याच दोरीने बांधलेला. क्षणभर वाटलं, मानाने लावलीय.

"काका, तुझ्या गाठी जुळल्याच नाहीत," ती म्हणाली. "हंगामात एक-दोन दिवस जास्त भरायचे. पहिल्याच वर्षी सोडून दिल्या."

"मग पुढची दोन वर्षं कशाला नेल्यास?"

"तुला वाईट वाटलं असतं ना."

जास्त भरणारच. भरती-ओहोटीवर जगणारे आम्ही, दिवस तिथीने मोजतो. पंचांगात एखादी तिथी पडली, म्हणजे तिच्या वाट्याला दिवसच आला नाही, तरी तिची गाठ मारतो, फक्त उलटी. तिच्या बापाच्या दोरीतही असायची ती. मी सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. घरच्या पोरीला काय सांगायचं? एकदा विचारलं असतं तर उलट्या गाठी वगळून सगळा हिशेब लागला असता.

स्टूल ओढलं, वर चढलो, दोरी सोडली.

"काका, माणसं बघतायत रे."

"बघू दे."

कोपरा लोंबला, आकाशगंगेचा एक हात दुमडला. परतताना फेरीबोटीत बसून दोरी बोटांखालून सरकवली. उलट्या गाठी जिथे हव्या तिथेच होत्या.