बावीस पायऱ्या

गडमुडशिंगीच्या विहिरीत अमीनचाचांनी ज्यांना ज्यांना पोहायला शिकवलं, त्या सगळ्यांना त्यांनी एकदा तरी फसवलेलं आहे. गावात गळक्या स्टोव्हला, घागरींना डाग देण्याचं त्यांचं दुकान होतं. तिथंच बनवलेला पत्र्याचा छोटा बंद डबा ते शिकणाऱ्याच्या पाठीला बांधत, तोही कमरेएवढ्या पाण्यात उभं करून, म्हणजे वजन कळू नये. रोज बांधण्याआधी ते गुपचूप झाकण उघडून डब्यात थोडं थोडं पाणी भरत. पंधरा दिवसांत डबा काठोकाठ भरे आणि आम्ही मात्र डब्याच्या जिवावर तरंगतोय अशा समजुतीत विहिरीला वेढे घालत असू. मग एके दिवशी सगळ्यांसमोर ते डबा उपडा करत.

"डबा तुला तारत न्हवता, पोरी. तूच डब्याला घिऊन पवत हुतीस की."

मी नववीत असताना शिकले. नव्वदच्या दशकातले ते दिवस. मुलींनी विहिरीत उतरणं गावाला रुचत नव्हतं. चाचांनी माझ्या आईला वर कठड्यावर बसवलं आणि कुजबुजणाऱ्यांना मोठ्यानं विचारलं, "बुडवताना पानी इचारतंय व्हय, पोरगा हाईस का पोरगी म्हनून?"

आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. वडील शेतमजूर. मला कोल्हापूरला कॉलेजात पाठवायचं म्हटल्यावर त्यांचा धीर होईना. चाचा आमच्या दारात येऊन त्यांना म्हणाले, "शामराव, उन्हाळ्यात हिरीच्या बावीस पायऱ्या उतरून जाती ही. यष्टीच्या तीन पायऱ्या चढाय कशापायी भ्याची?" मी पदवीधर झाले, कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात शिक्षिका झाले. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन गेले तेव्हा चाचांनी एकच पेढा उचलला आणि म्हणाले की आता दुसऱ्या कुणालातरी पाण्यात ढकल.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात स्वाइन फ्लू आला. आधी पुण्याच्या बातम्या, मग कोल्हापुरातही तोंडाला रुमाल. आमची शाळा आठवडाभर बंद राहिली. चाचा तेव्हा पंचाहत्तरीत होते, चाची दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. मुलगा दस्तगीर एमआयडीसीत कामाला. कारखान्यातून आपणच घरात रोग आणू या भीतीनं त्यानं वडिलांना मागच्या खोलीत ठेवलं. ताट उंबऱ्यावर, पाण्याचा तांब्या खाटेशी. दुकान बंद, मशिदीत जाणं बंद, कुणाशी बोलणं बंद. वडिलांचा जीव वाचवण्यासाठी तो मनापासून हे सगळं करत होता.

ईदला मी दरवर्षीसारखी गेले. चाचा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताटात भाकरी तशीच. शिरखुर्म्याची वाटी तशीच. पत्रा कापणारे ते दंड पार वाळून गेले होते.

"कोन, शालन? जा बाई. आता आपलं काय न्हाय."

उठून बसा म्हटलं तर म्हणाले, पायांनी सोडलं. मी हात दिला. उभे राहिले आणि गुडघे थरथरून लगेच खाली बसले. मग पुन्हा भिंतीकडे वळले. मी बाहेर येऊन रडले.

गावच्या डॉक्टरांना बोलावलं. तपासून ते म्हणाले की ताप नाही, छातीत काही नाही; बसून बसून पायातली ताकद गेली आहे आणि एकटं राहून मन खचलं आहे. तोंडाला रुमाल बांधून, गर्दी टाळून त्यांना अंगणात आणा, माणसांशी बोलू द्या. मनावरचं औषधही त्यांनी लिहून दिलं. दस्तगीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुमी जाशीला कोल्हापूरला. अब्बास्नी काय झालं तर गाव मला खाईल." त्याचं खोटं नव्हतं. पण आत जे चाललं होतं तेही मरणच होतं, हे मी त्याला सांगितलं. आत जाऊन त्यानं वडिलांच्या चपला खाटेपाशी ठेवल्या.

पहिल्या दिवशी दोन्ही हात धरून उंबऱ्यापर्यंत. मग एक हात. मग नुसता कोपराला आधार. मधेच चार-चार दिवस चाचा उठायचेच नाहीत, भिंतीकडे वळून पडायचे. मग पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात. मी दर रविवारी जात असे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी दस्तगीर त्यांच्या मागून सदऱ्याला धरून चालत होता, आणि चालता चालता त्यानं अलगद हात काढून घेतला. दहा-बारा पावलं झाली.

"दस्तगीर," चाचा मागं न बघता म्हणाले, "हात कवाच काढलाईस त्ये ठावं हाय मला. माझाच डबा मला बांधतोस व्हय?"

आणि ते चालतच राहिले. अंगण संपलं तरी वळले नाहीत, थेट दुकानाच्या दारापर्यंत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आख्खी भाकरी मागून खाल्ली.

एप्रिलमध्ये त्यांनी विहिरीचं काढलं. डॉक्टर आधी हसले, मग हो म्हणाले. बावीस पायऱ्या ते भिंत धरून उतरले; पुढं दस्तगीर, मागं मी. पाण्यात शिरल्यावर मात्र त्यांना कुणाची गरज राहिली नाही. पाठीवर पडून, डोळे मिटून बराच वेळ तरंगले, मग सावकाश तीन वेढे घातले. वर कठड्यावर त्यांचे जुने शिष्य, माझी आई आणि गावातल्या बायका जमल्या होत्या. चाचांना उचलून वर आणायला दस्तगीरनं प्लॅस्टिकची खुर्ची आणि दोन गडी तयार ठेवले होते.

बाराव्या पायरीवर चाचा थांबले. छाती भात्यासारखी हलत होती. दस्तगीरनं हात पुढं केला.

"हात मागं घे. दम खातोय, हरलो न्हाय."

वरून कुणीतरी मोजायला लागलं. तेरा. चौदा. मग सगळेच मोजायला लागले. बावीस झाल्या तेव्हा माझी आई टाळ्या वाजवत होती. चाचांनी खुर्चीकडे पाहिलं, ही कुणासाठी म्हणून विचारलं. त्यांनी ओला टॉवेल पिळला, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला आणि जमलेल्या बायकांना म्हणाले, "उद्या सातला या. पोरीस्नीबी आना."

त्या उन्हाळ्यात अमीनचाचांनी अकरा जणांना पोहायला शिकवलं. त्यांत सहा मुली होत्या.