फुलंब्रीचे धोंडे आणि गप्प बसलेला जावई

"अधिक महिना लागलाय. पाहुण्याला धोंडे खायला घेऊन ये," एवढं बोलून मामांनी फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात आनंदानं उडी मारली आणि माझ्या कोलकात्याच्या नवऱ्यानं शब्दकोश उघडला.

"धोंडा म्हणजे मोठा दगड," अनिर्बाण गंभीरपणे म्हणाला. "मामा अजून एवढे चिडलेत?"

चिडलेले होतेच. आई-बाबा गेल्यावर मला मामांनीच वाढवलं आणि मी लग्न केलं एका बंगाल्याशी. मामा लग्नाला आलेच नाहीत. "उद्या त्यो दारात आला तर मी बोलू कसा त्याच्याशी?" एवढंच म्हणाले. हे अनिर्बाणच्या असं जिव्हारी लागलं की त्यानं मराठीचा ध्यासच घेतला. आता मला या सहलीतून एकच हवं होतं. मामांनी त्याला एकदा तरी घरचा जावई म्हणून वागवावं.

तर मंडळी, उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटेच पुणं सोडा. ट्रकांची रांग लागायच्या आत शिरूर मागं टाका, नेवासा फाट्याला नाश्ता करा, दुपारच्या जेवणाला संभाजीनगर येतं. आणि शेजारी मराठी शिकणारा माणूस असेल तर कानात कापूस घाला. बंगालीत वस्तूंना लिंग नसतं, त्यामुळे साहेब दिसेल त्याकडं बोट दाखवत होते. टोलनाका? तो. पावती? ती. ऊन? ते.

"ऊन ते का?"

"खाली उतर आणि उन्हालाच विचार!"

मग पुन्हा, "मी भात खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी धपाटं खाल्लं. खाणारा मी, आणि क्रियापद ऐकतं ताटातल्या वस्तूचं?"

"आमच्याकडं ताटाला मान असतो," म्हटलं. याहून चांगलं उत्तर आमच्या शाळेतल्या बाईंकडंही नव्हतं.

संभाजीनगरात स्टेशनजवळ एसी खोली दोन हजारांच्या आत मिळाली. संध्याकाळी जुन्या शहरात नान खलिया खायला गेलो. नान बशीएवढा, पिवळा, आणि खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, बोटं चाटायला लावणारा. त्याआधी मात्र हॉटेलवाल्या चाचांनी विचारलं होतं, "क्या होना, मियाँ?" अनिर्बाण माझ्या कानात म्हणाला, "हे मला मोठेपणी काय व्हायचंय ते विचारतायत का?" काय पाहिजे एवढंच विचारतायत, म्हटलं, गप जेव. इथलं हिंदी शाळेतलं नाही आणि मराठीही पुस्तकातलं नाही, हे त्याला त्या रात्री उमगलं. खोलीवर जाऊन तो बिचारा आरशासमोर 'लई', 'व्हय' आणि 'नाय' घोकत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. शहरापासून फुलंब्री तासाभराच्या आत येते, मामांचं गाव तिथून जरा पुढं. गोठा, मका, अद्रकाचं शेत. अद्रक म्हणजे आलं हे त्याला कळल्यावर त्यानं सुस्कारा सोडला, कारण आलं त्यानं परवाच पाठ केलं होतं.

ज्यांना धोंडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कणकेच्या पारीत पुरण भरून उकडायचं, वर साजूक तुपाची धार. अधिक महिन्यात जावयाला बोलावून, ओवाळून हे जेवण घालतात. मामीनं पाटाभोवती रांगोळी काढली होती. अनिर्बाण मांडी घालून बसला, पहिला घास घेतला, आणि समोर बसलेल्या मामांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं.

"काय पाहुणं, धोंडा कसा झालाय?"

अनिर्बाणचा हात थांबला. डोळे आढ्याकडं, ओठ हलतायत. ही त्याची वाक्य जुळवायची पद्धत. एकही चूक नको म्हणून तो आधी नाम धरतो, मग लिंग, मग क्रियापद, तोवर समोरच्याचा चहा गार होतो. त्यात समोर मामा! वाक्य काही बाहेर येईना.

मामीनं मला चिमटा काढला. "रुसले जणू गं!"

आमच्या घरात धोंड्याच्या ताटावर जावयानं रुसणं हा रिवाजच. माझे बाबा याच ओसरीवर सायकलसाठी रुसले होते आणि सायकल दारात आल्यावरच जेवले. रुसवा काढायचा कसा, हे मामांना चांगलं ठाऊक.

"तूप कमी पडलं का? घ्या." मामांनी वाटी पुढं केली.

झालं! तूप. नवं नाम. अनिर्बाणनं धोंड्याचं वाक्य बाजूला ठेवलं आणि तुपाचं जुळवायला घेतलं. ते होतंय तोच मामांनी मनगटावरचं घड्याळ सोडून त्याच्यासमोर ठेवलं. पुन्हा पहिल्यापासून! त्याच्या कपाळावरून घाम निथळायला लागला, तो मामीला राग वाटला. ती आतून शर्टाचं कापड घेऊन पळत आली.

"कालवड देतो," मामा म्हणाले. "गोठ्यातली तांबडी. न्या पुण्याला."

तिसरा मजला, लिफ्ट कायमची बंद, आणि कालवड! मी तोंड उघडलं. अहो, हा रुसलेला नाही, व्याकरणात अडकलाय, एवढं सांगितलं की संपलं असतं.

पण मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. "पाहुणं, आमचं चुकलंच. पोरीच्या लग्नाला यायला पाहिजे व्हतं. लोक काय म्हणतील, बोलू कसं, आसलं कायबाय डोक्यात भरलं. त्या दिवशी घरात बसून राह्यलो. लई वंगाळ वाटलं."

मी तोंड मिटलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आणि नेमकं तेव्हाच वाक्य तयार झालं. हात जोडून, स्वच्छ आवाजात अनिर्बाण म्हणाला, "मामा, धोंडा लई भारी झाला आहे."

मग मामीनं तोंडाला पदर लावला. मामा गदगदा हसले, डोळे पुसले, "मग खा की हो!" म्हणून त्याच्या ताटात धोंडे टाकत सुटले. अनिर्बाणनं 'नको'चे सगळे प्रकार वापरून पाहिले. फुलंब्री तालुक्यात त्यातला एकही चालत नाही.

याच रस्त्यानं पुढं फर्दापूरला मुक्काम करून अजिंठा पाहायचा बेत होता. तो रद्द. धोंडे जेवलेल्या माणसाला लेण्यांच्या पायऱ्या चढवत नाहीत, तुम्ही लेणी आधी उरका.

निघताना मामा माझ्या बाजूच्या खिडकीशी वाकले. "रुसला नव्हता तुझा नवरा. ठाव हाय मला."

"कधी कळलं?"

"कालवड देतो म्हणलं तरी बोलला नाय, तव्हा. तुझा बाप सायकलीवर मानला व्हता. खरा रुसलेला माणूस कालवडीला व्हयच म्हणतो."

"मग ते पुढचं, लग्नाचं?"

"ते मला बोलायचंच व्हतं. त्यो गप बसला म्हणून सापडली जागा."

पुण्यात येऊन आता महिना होत आला. शर्ट शिवून झाला. घड्याळ मी निघतानाच गुपचूप मामीच्या हाती देऊन मामांना परत करायला लावलं. कालवड अर्थातच गोठ्यात आहे, पण ती आता पाहुण्यांची. म्हणून मामा रोज संध्याकाळी फोन करतात, तोही अनिर्बाणला. तिचा चारा, तिचं पाणी, तिच्या खोड्या.

काल मी अनिर्बाणला म्हटलं, दे जरा फोन माझ्याकडं. तर फोनमधून मामा ओरडले, "थांब गं जरा, पाहुण्याशी बोलायलोय मी!"

बोलत तर कुणीच नव्हतं. अनिर्बाण पंख्याकडं बघत ओठ हलवत होता, आणि तिकडं मामा गप्प बसून त्याच्या वाक्याची वाट बघत होते.