काचेतलं सोंग

सिनेमा माझ्या लेकीने निवडला होता. नाशिकच्या मॉलमध्ये, रविवारी दुपारी, हिंदीत डब केलेला. मला त्या उडणाऱ्या माणसांच्या मारामाऱ्यांचं काडीचंही कौतुक नाही; मी एसीत झोप काढायला गेले होते. पण पडद्यावर सगळी काळी माणसं आली आणि माझी झोप उडाली. राजा काळा, डॉक्टरीण काळी, न्याय करणारी म्हातारी काळी, आणि कुणी कुणाचं नोकर नाही. शाळेत 'डांबर' म्हणून चिडवली जाणारी माझी लेक खुर्चीत ताठ बसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळेच भरून आले.

मग तो प्रसंग आला. राजाच्या आजोबांचा ढोल गोऱ्यांच्या देशात काचेच्या पेटीत ठेवलेला असतो, खाली पाटी. राजा एका बुक्कीत काच फोडतो आणि ढोल खांद्यावर टाकून घरी आणतो. थिएटरात शिट्ट्या पडल्या. लेक माझ्या कानाशी आली.

"आई, आपल्या आजोबांच्या सोंगासारखं. आपलं कोणी चोरलं?"

मी पॉपकॉर्न पुढे केलं. कोणाचं नाव सांगणार? मीच तर नेऊन दिलं होतं.

आमचं गाव हरसूलच्या पुढे, डोंगरात. होळीनंतर तिथे बोहाडा होतो. लाकडी मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं सांबळाच्या तालावर नाचतात. ज्या घराचं सोंग, त्याच घराने नाचवायचं. आमच्या घराकडे वेताळ. माझ्या आज्याने उंबराच्या लाकडातून कोरलेला, वर्षभर माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला. त्याला धूप दाखवल्याशिवाय माझा बा जेवत नसे.

मी तेव्हा धरणाकडच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला होते. तिथल्या मालकांना भिंतीवर लावायला काहीतरी आदिवासी हवं होतं. मला काय अवदसा आठवली देव जाणे, आमच्याकडे आहे म्हणून मीच मिरवत सांगितलं. वाटलं, मुंबईची माणसं बघतील, विचारतील, आणि मी छाती पुढे काढून सांगेन की हे आमचं. बाला म्हटलं, तुझा माळा गळतो, तिथे तो जपून राहील, बोहाड्याला मी आणून देईन. बाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दिला. लेकीला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

पहिल्या वर्षी मालकांनी बोहाड्यासाठी सोंग काढून दिलं. मग रिसॉर्ट विकलं गेलं, माझी नोकरी तेवढी राहिली. नव्या लोकांनी वेताळाला काचेत बसवलं. वर पिवळा दिवा, खाली दारूच्या बाटल्या.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिले. बाचे गुडघे गेले होते. यंदाचा बोहाडा त्याचा शेवटचा, हे मला दिसत होतं. मॅनेजर गोड बोलला. मुखवटा आमच्या सामानाच्या यादीत आहे म्हणाला, तुमचा असल्याचा कागद दाखवा. पोलिसांनीही पावतीच मागितली. माझ्या आज्याने कोरलेल्या लाकडाची पावती! मी परत जाऊन मॅनेजरला नको नको ते बोलले आणि नोकरीवर पाणी सोडलं. निघताना काचेसमोर थांबले. बुक्की मारावी असं फार वाटलं. पण हातात डबा होता, बाजूला वॉचमन होता आणि शहराकडे जाणारी बस यायची वेळ झाली होती. मी बस पकडली.

नोकरी सोडल्याचं बाला कळू दिलं नाही. सोंग यंदा मिळत नाही, एवढंच सांगितलं. तो बरं म्हणाला आणि शेळीला पाला टाकायला उठला.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी, उजाडता उजाडता, सांबळवाल्याने वेताळाची चाल धरली. मला वाटलं, थोडं वाजवून थांबेल आणि पुढचं सोंग बोलावेल. तर गर्दीतून बा आला. पायात घुंगरं, कमरेला फडकं, आणि चेहरा उघडाच. मधोमध येऊन त्याने दोन्ही पंजे तोंडावर धरले आणि तसाच नाचला. पाचसहाच पावलं. गुडघे साथ देईनात, तोल जायला लागला, तरी तोंडावरचे हात त्याने काढले नाहीत. कुणी हसलं नाही. माझ्या लेकीने माझा हात घट्ट धरला होता आणि मला तो सोडवून कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं.

नंतर मी त्याला ओट्यावर बसवलं आणि घुंगरं सोडायला लागले. त्याला बराच वेळ धाप लागली होती.

"तिथं त्याला धूप कोण दावतं गं?" त्याने विचारलं.

"मी दावते, बा. रोज."

"मंग झालं," म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

लेक शेजारीच उभी होती. मी नोकरी सोडल्याचं तिला माहीत होतं. आपलं सोंग कोणी चोरलं, हे तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही.