बांधावरची एकच बाभूळ

दरवर्षी आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवणाऱ्या ठकूबाईंनी लांब काठीच्या आकडीने बांधावरची बाभूळ हलवली. वाळक्या गवताला विटलेल्या मेंढ्या शेंगांवर तुटून पडल्या. शेंगा लगेच संपल्या, तरी त्या माना वर करून उभ्याच राहिल्या.

“दादा, अजून एकच बाभळ कशी?” ठकूबाई म्हणाल्या. “आमची मेंढरं दरसाल शेंगा खाऊन इथं बसतात. लेंड्यांतनं बी पडतंच की.”

पडत होतं. उगवतही होतं. मेंढ्या गेल्या की मी खत ठेवून घ्यायचो आणि ती काटेरी रोपं तेवढी उपटून टाकायचो. दरसाल त्या आपला पुढचा घास माझ्या मातीत ठेवून जात होत्या.

मेंढ्या अजून झाडाकडेच बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.