तळातलं कॉलेज

टिपणीस काकू कुठल्याही कॉलेजात पुढच्या गेटाने शिरत नसत. आधी कंपाउंडला बाहेरून एक चक्कर, मग मागचं दार सापडलं की तिथून आत. वॉचमनने हटकलं तर म्हणायच्या, "भाचीची ॲडमिशन आहे हो, लेडीज बाथरूम कुठेय?" भाची म्हणजे त्या वर्षी जी कुणी सोबत असेल ती. एका वर्षी ती मी होते.

काकू अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात अधिकारी होत्या. बाहेरून आलेला कच्चा माल तपासायचा आणि पटला नाही तर ट्रक आल्या पावली परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी पालेगावात नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. ती बिल्डिंग उभी होती आमच्याच भाताच्या खाचरावर, त्यामुळे माझे वडील त्यांना शेजारीण कमी आणि पाहुणी जास्त समजत. दूधवाला, लिफ्टवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, काकूंचा कुणावरच विश्वास नव्हता. गावाचाही काकूंवर नव्हता, म्हणजे तसं फिटंफाट होतं.

मला बी.फार्म करायचं होतं आणि सीईटीचे मार्क बेताचे आले होते. "यंदा नाय लागला तं घरी बसायचा. मंग पोरगा बघू," असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. ते नुसतं बोलणाऱ्यातले नव्हते. मी घाबरून काकूंकडे गेले आणि कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म मोबाइलवर उघडून दाखवला. वर मुंबईतली मोठमोठी नावं होती. काकूंनी ती वाचलीच नाहीत. बोटाने सरसर खाली गेल्या.

"ही शेवटची तीन कशी आहेत?"

"माहीत नाही. मैत्रिणीने टाकली म्हणून मीपण टाकली. तिथपर्यंत कशाला येतंय, काकू?"

"तुझे मार्क बघता तिथेच येणारेस." गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "वरची नावं भर हवी तेवढी. पण चार वर्षं काढायचीत ती तळातल्या कॉलेजात. पोत्याच्या तोंडाशी सगळे पुरवठादार प्रामाणिक असतात गं. आम्ही नमुना काढायची नळी पार बुडापर्यंत खुपसायचो, तेव्हा कळायचं काय आलंय ते."

मग आमची वरात निघाली. बदलापूरच्या पुढे एक काचेचं चकाचक कॉलेज होतं. मला बघताक्षणी आवडलं. काकू बॅनरपाशी थांबल्या. "ही हसणारी मुलगी काल दुसऱ्या कॉलेजच्या बॅनरवर होती. हिने दोन्हीकडे ॲडमिशन घेतलीय का?" मागच्या जिन्याने वर जाऊन त्या लॅबच्या खिडकीला नाक लावून उभ्या राहिल्या. कपाटात बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. "हे देवघर आहे. इथे नुसतं दर्शन घ्यायचं," काकू म्हणाल्या, आणि माझं चकाचक कॉलेज यादीतून गेलं.

त्यांना पसंत पडलं ते उल्हासनगरातलं, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीतलं एक जुनं कॉलेज. भिंतींना रंग नव्हता आणि दारात नाला. कॅंटीनवाल्याला काकूंनी विचारलं, तर तो करवादला, "फार्मसीवाले? दिनभर लॅब में घुसे रहते हैं. चाय ठंडी हो जाती है, तब आते हैं." काकूंचा चेहरा एकदम उजळला. मला मात्र तिथे पाऊल टाकावंसं वाटत नव्हतं. काकूंचा असा राग आला की परतीच्या रिक्षात मी मुद्दाम पुढे रिक्षावाल्याशेजारी जाऊन बसले.

फॉर्मची मुदत संपायच्या आदल्या दिवशी वडिलांना कुणीतरी सांगितलं की टिपणीसबाईंची सख्खी वहिनी त्याच कॉलेजात शिकवते. वडील ताडकन उठले. "मी बोललो व्हतो ना? फुकट कोन फिरतंय गो पोरींना घेऊन? कमिशन असंल तिचा!" मला घेऊनच ते काकूंच्या दारात गेले आणि तोंडावर विचारलं.

काकू चिडतील असं मला वाटलं होतं. त्या चक्क खूश झाल्या.

"इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी तपासलं," त्या म्हणाल्या. "हो, वहिनी आहे तिथे. मी आधीच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. आता माझ्या शब्दावर मुळीच जाऊ नका. स्वतः बघून या. न कळवता जा."

वडील बाइक काढून तडक गेले. संध्याकाळी आले ते चपला न काढता ओट्यावरच बसले. "सुट्टी हाय तरी पोरी उभ्या व्हत्या परयोग करत. एकीनं कायतरी सांडलं तं मास्तर असा वरडला तिच्यावर, असा वरडला!" त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "भर त्याच कॉलेजचा नाव."

शेवटच्या फेरीत मला तेच कॉलेज लागलं. वरची सगळी नावं वरच राहिली. वडिलांनी गावभर पेढे वाटले आणि मी रात्रभर रडले. काकूंनी अभिनंदन वगैरे केलं नाही. "काही खटकलं तर लगेच येऊन सांग," एवढंच म्हणाल्या. पुढची चार वर्षं मी त्या कॉलेजला शिव्या देत होते आणि तिथेच शिकत होते. पोरगा बघायचा विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात काकू वारल्या. त्याआधी बदलापूरच्या ज्या हॉस्पिटलात मी फार्मासिस्ट आहे तिथेच त्या दाखल होत्या, आणि नर्सेसना त्यांनी सळो की पळो करून सोडलं होतं. गोळीचं पाकीट हातात घेऊन, उलटंपालटं करून, चष्मा लावून सगळं वाचल्याशिवाय त्या गोळी घेत नसत. एक दिवस नर्स वैतागून खाली आली आणि म्हणाली, "तूच जा बाई."

मी वर गेले. काकू खूप थकल्या होत्या, पण डोळे होते तसेच, संशयी.

"तू बघितलीस गोळी?"

"बघितली, काकू."

त्यांनी तळहात पुढे केला, गोळी तोंडात टाकली आणि वर पाण्याचा घोट घेतला. पाकीट मागितलं नाही.