दारं न बसलेल्या घरातली उपासना

नंदुरबारात आमच्या मंडळीचं नवीन चर्च उभं राहतंय. जुना पत्र्याच्या छपराचा हॉल पाडला. त्यानिमित्त आमचे पाळक, म्हणजे पास्टर, मंडळीचा इतिहास लिहायला बसले. तरुण माणूस, शिकलेला. घरी येऊन म्हणाले, "बाबा, सगळ्यांत जुने तुम्हीच. तुम्ही सांगा, मी लिहितो."

मला सांगायची हौस नव्हती. बायकोला माती देऊन पाच महिने झालेत. सकाळी उठावं कशाला तेच कळत नाही, इतिहास कुठून सांगू? पण त्यांनी वहीत पहिलं वाक्य लिहूनच आणलं होतं, की मंडळीची पहिली उपासना पत्र्याच्या हॉलमध्ये झाली. ते ऐकून मला गप्प बसवेना. हॉलच्या आधी आठ-नऊ वर्षं मंडळी होती. ती माझ्या बायकोने सुरू केली. आम्हाला मूलबाळ नाही. मी सांगितलं नाही तर ते तिच्याबरोबर मातीतच गेलं.

मी गवंडी, शाळा चौथीपर्यंत. विसरवाडीकडून आम्ही दोघं इथे कामाला आलो तेव्हा शहराच्या कडेच्या शेतांचे नुकते प्लॉट पडत होते. ज्याचं घर बांधायचं त्याच्याच अर्धवट घरात राहायचं आणि राखण करायची. मी वीट लावायचो, ती भिंतीवर पाणी मारायची. ती माहेराहूनच येशूच्या विश्वासात होती, मी नव्हतो. रविवारी काम बंद असलं की ती आजूबाजूच्या बांधकामांवरच्या बाया गोळा करायची, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरायची आणि प्रार्थनेला बसायची. घराला दारं बसली की मालक राहायला येणार. मग आमचं बिऱ्हाड पुढच्या प्लॉटवर आणि मंडळीही तिथेच. अशी पाच-सहा घरं फिरली ती.

एकदा एक मालक, शहाद्याकडचा गुजर शेतकरी, रविवारीच घर बघायला आला. आतून गाणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, आज हाकललं आपल्याला. तो आत डोकावला आणि म्हणाला, "बसू दे त्यांना. देवाचं नाव तर घेतात. माझी अर्धी वास्तुशांत फुकटात झाली." आणि स्वतःच मोठ्याने हसला.

हे सगळं पाळकांना सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "पहिली उपासना झाली ते घर दाखवा, फोटो छापू."

मोटारसायकलवर मागे बसून गेलो. कॉलनीत तीन चकरा मारल्या. मी बांधलेल्या घरांवर मजले चढलेत, पुढे टाइल्स लागल्यात, ओट्याच्या जागी दुकानं झालीत. माझीच भिंत मला ओळखू येईना. एका फाटकाशी बोट दाखवलं, मग म्हटलं हे नाही, पुढचं. पाळक सारखे विचारत होते, "कुठल्या खोलीत बसलात? किती जण होते? गीत कोणतं म्हटलं?"

मी म्हणालो, "थांबवा गाडी."

उतरलो आणि सांगितलं, की मी नव्हतो. रविवारी मी पिऊन पडलेला असायचो, नाहीतर बाहेर विड्या ओढत. मंडळीत मी आठ वर्षांनी आलो. दारू सुटली म्हणून आलो की आल्यावर सुटली, ते आता उगाळत नाही. हॉलच्या भिंती मी बांधल्या, म्हणून लोक मला पहिला म्हणायला लागले. उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलो की मीही 'आम्ही बसायचो, आम्ही गायचो' असंच बोलायचो. ती समोर बायकांत बसून ऐकायची. घरी येऊन त्यावर एकदाही बोलली नाही.

पाळकांनी गाडी बंद केली. मग हळूच म्हणाले, "बाबा, ऐकीव गोष्ट कशी छापायची? तेव्हाचं कोणी आहे का?"

एक होती. बायकोची जोडीदारीण, तिच्याबरोबर विटा वाहायची. म्हसावदला मुलीकडे असते. दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. गुडघे दुखत होते, बस भरलेली, शहाद्यापर्यंत उभाच. म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसली होती. बायको गेल्याचं तिला ठाऊक होतं. थोडं रडली, मग मी विचारलं.

"चार जनी व्हतूत आम्ही," ती म्हणाली. "मांगनी खोलीमा. गोन्या तठेच व्हत्यात. आनि तू बी उना व्हता ना, भाऊ!"

"मी? मी कुठला येतोय!"

"उना व्हता. दारमा उभा ऱ्हायना नि वरडना, 'आठे गानं चालू नि तठे चूल थंडी. भाकरी काय तुम्हना देव टाकी का?' आम्ही तं घाबरी गयूत."

"मग ती काय म्हणाली?"

"काय म्हनी? डोया बी उघाडात नहीत तिनी, प्रार्थना चालूच व्हती."

म्हातारीने शेंगा पुढे सरकवल्या. "खाय. इतला दूर उना."

मी शेंगा हातात घेतल्या. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, पण वाक्य माझंच होतं. तसंच बोलायचो मी.

परत येऊन पाळकांना सगळं सांगितलं. चार दिवसांनी त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. बायकोचं नाव पहिल्याच ओळीत होतं. चार बाया, मागची खोली, सिमेंटच्या गोण्या, सगळं नीट आलं होतं. पुढे होतं, 'त्या वेळी या बहिणीचे पती, म्हणजे आपले बाबा, दाराशी उभे राहून राखण करीत होते.'

"हे खोडा," मी म्हणालो.

"अहो, राहू द्या ना बाबा. शोभतं. तुम्ही दाराशी होतातच की."

"शिव्या द्यायला होतो. मंडळीची राखण तिने केली. मी बोललो ते लिहा, भाकरीसकट."

त्यांनी पेन उघडलं. "मंडळीत वाचून दाखवायचंय हे. लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या," मी म्हणालो. "इतकी वर्षं चांगलंच म्हणत आलेत."

त्यांनी ओळ खोडली. नवी लिहिली. मी ती दोनदा वाचायला लावली आणि मग घरी आलो.