अकरा नंबरची विहीर

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि जोडीला पीएच.डी. करत होतो. विषय होता इंदापूर तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. उसाला घातलेल्या युरियातला बराचसा भाग पाटाच्या पाण्याबरोबर जमिनीत झिरपतो आणि नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पदवीसाठी काय काय लागतं ते मला तोंडपाठ होतं. विद्यापीठात नोंदणी, दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल, दोन वर्षं प्रत्येक ऋतूतले नमुने, एक तरी छापून आलेला शोधनिबंध, मग प्रबंध, आणि शेवटी सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा.

शेळगाव ते कळस या पट्ट्यातल्या वीस विहिरी मी निवडल्या होत्या. अकरा नंबरची विहीर एका वस्तीवरची. तिच्या म्हाताऱ्या मालकाला सगळे तात्या म्हणत. मी बाटल्यांचा खोका बांधून मोटारसायकलवर पोचलो की ते हसायचे.

"काय सर, परीक्षा तुमची हाय का आमच्या हिरीची?"

"दोघांची, तात्या."

"मग हिरीला पास करा. तुमचं काय, तुमी पुढल्या साली बसाल परत."

हीर पास होणार नव्हती. पिण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा आहे, तिच्या दुपटीहून जास्त नायट्रेट तिच्यात निघालं होतं. माझे मार्गदर्शक म्हणाले, "निबंध छापून येईपर्यंत आकडे बाहेर जाऊ देऊ नका. एका वस्तीवर कळलं की सगळीकडे बोभाटा होईल, मग कोणी नमुने घेऊ देणार नाही." मी मान डोलावली. त्यांना दोष देत नाही. मलाही तेच सोयीचं होतं.

त्या पावसाळ्यात तात्यांची सून बाळंत झाली. तिला दूध येत नव्हतं, म्हणून बाळाला डब्याची पावडर पाण्यात कालवून देत. मी ती दुधाची बाटली पाहिली. असं पाणी लहान बाळाच्या पोटात गेलं तर रक्त प्राणवायू नेईनासं होतं, हे माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी लिहिलं होतं. तरी मी एवढंच म्हणालो, "बाळाचं पाणी उकळून घेत जा."

"व्हय सर," सून म्हणाली.

काहीतरी सांगितल्याचं समाधान घेऊन मी निघालो. कळसच्या अलीकडे लक्षात आलं. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. बारावीच्या पोरानंही हे सांगितलं असतं. मी गाडी हळू केली. परत गेलो तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी गाडी वळवली नाही.

दोन महिन्यांनी पुढच्या नमुन्यासाठी गेलो, तेव्हा तात्या बाजेवर बसून होते. उठले नाहीत.

"लेकरू गेलं, सर. निळं पडलं हुतं. बारामतीला न्हेईस्तवर संपलं."

डॉक्टरांनी जन्मापासूनच हृदयात दोष असावा असं सांगितलं होतं. तसंही असेल. रक्त कोणी तपासलं नाही, आणि तपासा म्हणणारा एकटाच माणूस तोंड मिटून होता.

सुनेनं स्वतः विहिरीतून बादली ओढून आणली. मी बाटली भरत असताना तिनं विचारलं, "सर, मी पानी कमी उकळलं का वो? तुमी सांगितल्यापास्नं अर्धं हुईस्तवर चुलीवर ठिवत हुते. कवा एकांद्या दिशी घाई झाली आसंल."

"नाही, ताई. तुमचं काही चुकलं नाही."

हे खरं होतं, आणि या खऱ्याच्या आड मी लपलो. बाटलीवर अकरा लिहिलं आणि निघालो.

निबंध छापून आला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "विहिरीच्या मालकांना हे कळवलंत ना?" मी "हो सर" म्हणालो. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

पुढच्या आठवड्यात वस्तीवर गेलो आणि तात्यांना सांगितलं, या विहिरीचं पाणी पिऊ नका, खतामुळं खराब झालंय. लहान लेकराला तर अजिबात नको.

त्यांनी विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

"गेल्या वर्षी."

सून दारात उभी राहून ऐकत होती.

"मग उकळून बी जात न्हाय का ते?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. वाढतं, हे सांगितलं नाही.